हगाम्याचं लाइव्ह स्वच्छ दिसायला हवं तर

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कात ६७ व्या महाराष्ट्र केसरीची गादी विभागातली अंतिम लढत झाली. पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल पंचांनी दिला आणि राक्षेचे दोन्ही खांदे गादीला टेकले होते की नव्हते, यावरून वाद पेटला. पुढचं सगळं महाराष्ट्राला ठाऊक आहे. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला, राक्षे आणि किताबाच्या लढतीतला मोहोळचा प्रतिस्पर्धी महेंद्र गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. नंतरचे कित्येक दिवस पारावर, चहाच्या टपरीवर, एसटीत, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तेवढाच एक क्षण मागे-पुढे करून पाहिला जात होता.

तिथे वाहिन्यांचे मोठे कॅमेरे होते. तुमच्या गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्याला ते येत नाहीत. तिथे एक ट्रायपॉड असतो, एक मोबाइल किंवा हँडीकॅम, मंडपाच्या कडेला टेबलावर लॅपटॉप आणि तो सांभाळणारा गावातलाच एखादा पोरगा. पुण्या-मुंबईत कामाला गेलेली अर्धी गावकी त्याच्या भरवशावर यूट्यूब उघडून बसलेली असते. शेवटची नेमलेली कुस्ती लागते, हलगी टिपेला जाते, पैलवान डाव टाकतो आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावर लाल-तांबडे चौकोन दिसू लागतात. खाली कॉमेंटमध्ये एकच प्रश्न: कोण पडलं?

हा लेख त्या लॅपटॉपवाल्यासाठी आहे. कुस्ती असो, कबड्डी असो, टेनिस बॉलचं क्रिकेट असो, की डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर पुन्हा धावू लागलेली बैलगाडा शर्यत असो, लाइव्हचा दर्जा मोजायचा एकच निकष मी मानतो. निकालाचा क्षण ओळखू आला का? बाकीचा वेळ चित्र थोडं मऊ दिसलं तरी कुणी तक्रार करत नाही. म्हणून पुढची प्रत्येक सेटिंग त्या क्षणाकडे पाहून ठरवायची आहे. दर्जा खराब आला की बहुतेक जण आधी नवा कॅमेरा घ्यायला निघतात, तेही सांगून ठेवतो. माझ्या मते पैसे खर्च करायची ती शेवटची जागा आहे.

दोष कुठे आहे ते आधी पाहा

बहुतेक जण ओबीएस स्टुडिओ वापरतात. ते फुकट आहे, चांगलं आहे, दुसरं शोधायची गरज नाही. त्याच्या ‘डॉक्स’ मेनूत ‘स्टॅट्स’ नावाची चौकट आहे. ती उघडून ठेवा आणि खेळ चालू असताना तिच्यावर डोळा असू द्या. तीन आकडे महत्त्वाचे आहेत आणि तिघांचे रोग वेगळे आहेत.

‘रेंडरिंग लॅग’मुळे चुकलेल्या फ्रेम वाढत असतील तर लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपवर ताण आहे. ‘एन्कोडिंग लॅग’मुळे गाळलेल्या फ्रेम वाढत असतील तर चित्र आवळून लहान करण्याचं काम यंत्राला झेपत नाही. आणि ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ पुढे ‘नेटवर्क’ असं लिहिलेला आकडा वाढत असेल तर लॅपटॉप निर्दोष आहे, इंटरनेट वर ढकलायला कमी पडतंय. तिसरा रोग असताना नवा लॅपटॉप घेतला तर पैसे गेले, आणि पहिला असताना नवं सिम घेतलं तरी तेच.

चौथी शक्यताही आहे. तिन्ही आकडे शून्यावर आहेत, तरी चित्र खराब. मग खोट कॅमेऱ्यात, प्रकाशात किंवा निवडलेल्या सेटिंगमध्ये आहे. त्याकडे पुढे येतो.

इंटरनेट: खाली येणारं नव्हे, वर जाणारं

गावात स्पीड टेस्ट लावली की लोक डाउनलोडचा आकडा दाखवतात. आपल्या कामाचा आकडा अपलोडचा. मोबाइलच्या जाळ्यात उतरत्या बाजूला जास्त वाटा दिलेला असतो आणि चढत्या बाजूला कमी, कारण बहुतेक ग्राहक पाहणारे असतात, पाठवणारे थोडे. त्यामुळे ८० एमबीपीएस डाउनलोड दाखवणाऱ्या फोनवर अपलोड ६ भरलं तर नवल नाही.

दुसरी गोष्ट अधिक घातक. सकाळी नऊला आखाड्यावर माणूस नसताना केलेली चाचणी दुपारी चारला लागू पडत नाही. पाच-सात हजार लोक जमले की त्यातले निम्मे फोटो आणि व्हिडिओ पाठवत असतात, आणि गावाला असतो एखादा टॉवर. कालव्याचं आवर्तन सुटल्यावर वरच्या अंगाला सगळ्यांनी दारे मोडली की टेलच्या शेतकऱ्याच्या चारीत काय पोहोचतं ते अहिल्यानगर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. गर्दीत तुमचा लॅपटॉप टेलला असतो, आणि शेवटची मोठी कुस्ती नेमकी गर्दी टिपेला असताना लागते.

याला खरा उपाय तारेचा. आज बऱ्याच गावांत केबलवाल्याचं किंवा दुसऱ्या कुणाचं फायबर आलेलं आहे, ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची लाइन असू शकते. आखाड्याजवळच्या एखाद्या घरात, शाळेत, सोसायटीच्या कार्यालयात जोडणी असेल तर यात्रा कमिटीला दोन दिवस आधी बोलून ठेवा. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅन केबल टाका. ती १०० मीटरपर्यंत बिनधास्त चालते, मंडपाच्या वाशांवरून वरून घ्या म्हणजे पायात येणार नाही. वायफायने तेच अंतर कापायला जाऊ नका. हजारो मोबाइलच्या गर्दीत २.४ गिगाहर्ट्‌झचा वायफाय म्हणजे बाजारात कुजबुजून बोलणं.

फायबर नसेलच तर सिमचा राउटर घ्या आणि तो आखाड्यापासून लांब, उंचावर ठेवा. देवळामागच्या घराची गच्ची, पाण्याच्या टाकीचा जिना, जिथून टॉवर दिसतो अशी जागा. तिथून पुन्हा केबलने लॅपटॉपपर्यंत या. अकोले तालुक्याच्या डोंगरी पट्ट्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या खोऱ्यांत, पन्नास पावलं इकडे की तिकडे यानेही मोठा फरक पडतो. तिथे आधी मोबाइल हातात घेऊन गावभर फिरून अपलोड मोजण्याला पर्याय नाही. नेवासे-शेवगावच्या सपाटीवर अडचण वेगळी, तिथे सिग्नल मिळतो पण गर्दीत वाटा मिळत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं जवळ असावीत. दोन जोडण्या एकत्र बांधून देणारी स्पीडिफायसारखी सॉफ्टवेअरं आहेत आणि ती उपयोगी पडतात, पण त्यांना पैसे मोजण्याआधी राउटरची जागा बदलून पाहा.

डेटाचा हिशेब आधीच करा. ४.५ एमबीपीएसने पाठवलं तर तासाला साधारण २ जीबी जातात, ६ ने पाठवलं तर २.७ जीबी. रोजच्या दोन जीबीच्या प्लॅनवर तुमचा हगामा पहिल्या तासातच संपतो, आणि कोटा संपल्यावर उरणाऱ्या केबीपीएसमधल्या वेगावर चित्र जात नाही. त्या दिवसापुरतं मोठं डेटा व्हाउचर टाकलेलं बरं.

आता बिटरेट किती ठेवायचा? गर्दीच्या वेळी मोजलेल्या अपलोडपैकी सगळ्यात कमी आलेला आकडा घ्या आणि त्याच्या सत्तर टक्क्यांवर थांबा. सात मिळतात तर साडेचार-पाच. उरलेली जागा मोकळी वाटते, पण जाळं क्षणभर डगमगलं की तीच तुम्हाला वाचवते. ओबीएसच्या ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये गर्दी झाल्यास बिटरेट आपोआप कमी करण्याची खूण आहे, ती मोबाइल नेटवर नेहमी चालू ठेवा. फ्रेम गळण्यापेक्षा चित्र क्षणभर मऊ होणं कधीही चांगलं.

१०८०चा हट्ट

स्पर्धेच्या पत्रिकेवर ‘फुल एचडी लाइव्ह’ छापायची हौस मी समजू शकतो. पण गणित करून पाहा. १०८०पी चित्रात एका फ्रेमला सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात, ७२०पी मध्ये ९ लाख २१ हजार. सेकंदाला ३० फ्रेमने १०८०पी पाठवलं तर सेकंदाला साधारण ६ कोटी २२ लाख ठिपके होतात. सेकंदाला ६० फ्रेमने ७२०पी पाठवलं तर ५ कोटी ५३ लाख. म्हणजे दोन्हींचा खर्च जवळपास सारखाच. प्रश्न इतकाच की तेवढ्या खर्चात तुम्हाला बारीक तपशील हवा की हालचाल.

खेळाला हालचाल हवी असते. टेनिस बॉल ताशी १०० किलोमीटरने आला तर ३० फ्रेमच्या चित्रात तो दोन फ्रेमच्या मध्ये जवळपास एक मीटर पुढे सरकलेला असतो, ६० मध्ये अर्ध्या मीटरहून कमी. बॅटची कड लागली की नाही, रनआउटला बॅट रेषेच्या आत होती की नाही, पाठ टेकली की खांदा उचललेला होता, हे सगळं त्या मधल्या फ्रेममध्ये असतं. शिवाय पाहणारे बहुतेक मोबाइलवर पाहतात, तिथे ७२० आणि १०८० यांतला फरक डोळ्याला शोधावा लागतो. म्हणून गावच्या परिस्थितीत माझी शिफारस स्पष्ट आहे: ७२०पी, ५० किंवा ६० फ्रेम, साडेचार ते सहा एमबीपीएस. अपलोड तीन-साडेतीनच मिळत असेल तर ७२०पी आणि ३०. खात्रीचं फायबर असेल आणि नऊ-दहा एमबीपीएस टिकत असतील तरच १०८०पी ६०चा विचार करा. कमी बिटरेटवर १०८०पी ६० पाठवणं हा सर्वांत वाईट सौदा आहे. पैलवान उभे असेपर्यंत चित्र देखणं दिसतं आणि ते भिडले की फुटतं.

बाकीच्या सेटिंग एकदा लावून विसरायच्या. रेट कंट्रोल ‘सीबीआर’, कीफ्रेम इंटर्व्हल २ सेकंद, आवाज ‘एएसी’त १२८ केबीपीएस. ‘व्हिडिओ’मध्ये डाउनस्केल फिल्टर ‘लँक्झोस’ निवडा. यूट्यूबकडे लेटन्सी ‘नॉर्मल’ ठेवा. अल्ट्रा-लो निवडली की प्रेक्षकाच्या फोनला साठवून ठेवायला वेळ मिळत नाही आणि त्याच्याकडे चित्र अडकतं. कुस्ती वीस-तीस सेकंद उशिरा दिसली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. आणि चॅनेल नवं असेल तर फोन नंबरने पडताळणी करून लाइव्हची परवानगी आधीच मागा. पहिल्यांदा ती मिळायला २४ तास लागू शकतात. जुलै २०२५ पासून एकट्याने लाइव्ह करणाऱ्याचं वय किमान १६ लागतं, तेव्हा शाळेतल्या हुशार पोराच्या खात्यावर अवलंबून राहू नका.

लॅपटॉपची दमछाक

चित्र आवळण्याचं काम प्रोसेसरकडून करून घेता येतं किंवा त्यासाठीच बनवलेल्या वेगळ्या भागाकडून. ओबीएसमध्ये ‘एक्स२६४’ दिसत असेल तर सगळा भार प्रोसेसरवर आहे. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ‘क्विकसिंक’ असतो, तो २०११ पासून येतोय. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ‘एनव्हेंक’ निवडा, २०१८ नंतरच्या ट्युरिंग पिढीपासून त्याचा दर्जा फारच सुधारला. जुना आठ-दहा वर्षांचा लॅपटॉपही क्विकसिंकवर ७२०पी आरामात पाठवतो. ज्यांच्याकडे नवं कार्ड आहे, त्यात एव्ही१ एन्कोडर आहे, त्यांनी यूट्यूबसाठी तो जरूर वापरून पाहावा. ओबीएसच्या २९.१ आवृत्तीपासून ही सोय आहे आणि तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र अधिक स्वच्छ जातं. अपलोड तोकडं असलेल्या गावात याचा फायदा सगळ्यात जास्त.

यात्रा म्हणजे चैत्र-वैशाख. पारा चाळिशीला टेकलेला असतो. लॅपटॉप गरम झाला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि तासाभराने, काहीही न बदलता, एन्कोडिंग लॅग वाढू लागतो. सतरंजीवर किंवा उशीवर ठेवलेला लॅपटॉप खालून श्वास घेऊ शकत नाही. टेबलावर चार कोपऱ्यांखाली बाटलीची झाकणं ठेवून तो उचला, सावलीत ठेवा, शेजारी टेबल फॅन लावा. पंख्याचं तोंड आखाड्याकडून येणाऱ्या धुळीच्या विरुद्ध असू द्या.

चार्जर लावलेला हवाच. बॅटरीवर चालताना विंडोज वेग आवळतं, ग्राफिक्स कार्ड तर निम्म्या ताकदीवर येतं. पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर टाका, विंडोजचं अपडेट थांबवा, वनड्राइव्ह आणि ड्राइव्हचं फोटो चढवणं बंद करा. हे शेवटचं दोन कारणांनी: प्रोसेसर वाचतो आणि अपलोडही. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तगतो, पण राउटर जातो, आणि तो पुन्हा चालू होऊन जाळं पकडेपर्यंत कुस्ती संपलेली असते. बारा व्होल्टच्या राउटरसाठी छोटा यूपीएस बाजारात मिळतो. जनरेटरवर मंडपातल्या लाइटी आणि डीजेबरोबर तुमची लाइन जोडू नका, स्वतंत्र वायर आणि शक्य असेल तर स्टॅबिलायझर मागा.

कॅमेरा कुठे, कसा

कॅमेरा कोणता यापेक्षा तो कुठे आहे याला जास्त महत्त्व आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेळगावच्या एका टेनिस-बॉल स्पर्धेतला सीमारेषेवरचा झेल जगभर फिरला. क्षेत्ररक्षकाने चेंडू रेषेबाहेर हवेत असताना पायाने आत ढकलला होता. सचिन तेंडुलकरनेही तो शेअर केला. झेल भन्नाट होताच, पण रेषा, पाय आणि चेंडू एकाच चौकटीत आले नसते तर तो गावापुरताच राहिला असता. झहीर खानच्या श्रीरामपुरात किंवा अजिंक्य रहाणेच्या संगमनेर तालुक्यात आज कुणी पोरगं असाच झेल घेत असेल तर तो दिसावा एवढी सोय आपल्या हातात आहे.

क्रिकेटला कॅमेरा गोलंदाजाच्या पाठीमागे, सरळ रेषेत, जितका उंच जमेल तितका. कुस्तीला उंची त्याहून गरजेची. कॅमेरा जमिनीलगत असेल तर पैलवानांमागे समोरची गर्दी येते: टोप्या, उपरणी, हलणारे हात, उंचावलेले मोबाइल. चित्र आवळणारं यंत्र बदल मोजतं, त्याला पैलवान कोण नि प्रेक्षक कोण ते कळत नाही. तुमचे साडेचार एमबीपीएस मग गर्दी रंगवण्यात खर्च होतात. तोच कॅमेरा दहा-बारा फूट वर घेऊन खाली रोखला की मागे फक्त माती येते, सपाट आणि स्थिर, आणि सगळे बिट पैलवानांच्या वाट्याला येतात. एक पैसा न घालता दर्जा सुधारायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

उंचीसाठी ट्रॅक्टरची ट्रॉली सापडते, पण तिच्यावर आणखी पंधरा जण चढतात आणि प्रत्येक टाळीला चौकट हादरते. हादरणाऱ्या चित्रात प्रत्येक ठिपका बदलतो, म्हणजे पुन्हा बिटांची नासाडी. मंडपवाल्याकडून लोखंडी पाइपांचा वेगळा मचाण बांधून घ्या आणि त्यावर एकच माणूस बसेल हे कमिटीकडून माइकवर सांगून घ्या. सतत झूम आणि फिरवाफिरवी टाळा. बैलगाड्याच्या शर्यतीत तर हा मोह फार होतो. घाटाच्या खालून वरपर्यंत बैलांमागे कॅमेरा पळवला की सगळं पुसट होतं. शेवटची रेषा धरून एक स्थिर कॅमेरा ठेवा, निकाल तिथेच लागतो.

मग प्रकाश. दिवसा शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवा. मघाचाच ताशी १०० किलोमीटरचा चेंडू १/६० ला अर्धा मीटर लांब रेघ होऊन दिसतो, १/५०० ला सहा सेंटिमीटरहून कमी. रात्री मात्र आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि चुकीच्या शटरला पडद्यावर काळे पट्टे वरखाली जातात. तेव्हा शटर १/५० किंवा १/१००, त्यातही खेळासाठी १/१००. कॅमेऱ्यात ‘पाल’ निवडून ५० फ्रेम आणि ओबीएसमध्येही ५०. कॅमेरा ३० वर, ओबीएस ६० वर अशी खिचडी केली की हालचाल अडखळत दिसते, मग बिटरेट कितीही वाढवा. आयएसओ वाढला की चित्रात रवा पेरल्यासारखा दाणा येतो. तो प्रत्येक फ्रेमला वेगळा असतो, म्हणून आवळता येत नाही आणि निम्मा बिटरेट खातो. रात्रीच्या सामन्यात एक जादा एलईडी फोकस, कॅमेऱ्याच्या पाठीमागून मैदानावर पडणारा, हा नव्या कॅमेऱ्यापेक्षा मोठा फायदा देतो.

फोकस, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने लावून कुलूपबंद करा. नाही तर पांढऱ्या धोतरातले पाहुणे हार घालायला मध्ये आले की कॅमेरा अख्खा आखाडा काळा करतो.

कॅमेरा एचडीएमआयने जोडणार असाल तर कॅप्चर कार्ड लागेल. स्वस्तातल्या यूएसबी डोंगलवर ‘४के’ छापलेलं असतं त्यावर जाऊ नका. १०८०पी ३० चं न आवळलेलं चित्र सेकंदाला सुमारे एक गिगाबिट होतं आणि यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट, म्हणजे तो डोंगल आधीच चित्र आवळून देतो. त्याच्याकडून ७२०पी ६० घेतलं तर ठीक काम निघतं. यूएसबी ३ चं कार्ड असेल तर ते लॅपटॉपच्या ३.० च्या, बहुधा निळ्या, पोर्टलाच लावा. खरेदीआधी कॅमेऱ्याच्या एचडीएमआयमधून बॅटरी-फोकसच्या खुणांशिवाय स्वच्छ चित्र निघतं का तेही पाहा. मोबाइलच कॅमेरा म्हणून वापरायचा तर ड्रॉइडकॅम, कॅमो अशी अॅप आहेत. ती वायफायवर नव्हे, यूएसबी केबलवर चालवा आणि फोन विमान मोडवर टाका. ऐन कुस्तीत मावशीचा फोन आला तर लाइव्ह थांबतं.

पडद्यावरचा स्कोअरबोर्ड ठळक आणि स्थिर असावा. खाली सरकणारी शुभेच्छुकांची पट्टी आणि कोपऱ्यात दर पाच सेकंदांनी बदलणारे भावी सरपंचांचे फोटो बिटरेट खातात आणि वर खांदे टेकल्याची जागा झाकतात. देणगीदारांना दोन कुस्त्यांच्या मध्ये पूर्ण पडदा द्या, ते जास्त खूश होतात. पैशांवर खेळायच्या अॅपची जाहिरात मात्र कुणी कितीही दिले तरी घेऊ नका. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात अशा जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.

लॅपटॉपवरच खेळणाऱ्यांसाठी

लोणी, संगमनेर, कोपरगावच्या इंजिनीअरिंग हॉस्टेलांत मैदानापेक्षा संगणकावरचे गेम लाइव्ह करणारे जास्त सापडतील. त्यांनाही वरचं इंटरनेट आणि बिटरेटचं सगळं लागू आहे, फरक इतकाच की गेम आणि ओबीएस एकाच ग्राफिक्स चिपसाठी भांडतात. गेममध्ये फ्रेम रेटला मर्यादा घाला, ६० पुरे, म्हणजे चिपला दहा-पंधरा टक्के उसंत राहते. ओबीएस ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडलं तर विंडोज त्याला आधी वाटा देतं आणि रेंडरिंग लॅग बराच कमी होतो. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर काळा पडदा दिसत असेल तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन ओबीएस आणि गेम दोन्हींना एकाच चिपवर बसवा. हॉस्टेलच्या सामायिक वायफायवर रात्री दहा ते बारा लाइव्ह करायचा आग्रह सोडा.

सुरू झाल्यावर

आदल्या दिवशी ‘अनलिस्टेड’ लाइव्ह लावून अर्धा तास चालवा. मैदानावर लॅपटॉपच्या पडद्यावर ऊन पडतं, तिथलं चित्र प्रेक्षकाला दिसणारं नसतंच. दुसऱ्या कंपनीच्या सिमवरचा एक मोबाइल आणि इअरफोन फक्त तपासणीसाठी ठेवा, शक्यतो तो गर्दीबाहेर बसलेल्या मित्राकडे असू द्या.

स्पीकरवर सिनेमाचं गाणं वाजलं तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते, आधी ताकीद देते आणि ऐकलं नाही तर लाइव्ह बंद करते. निवेदक आणि हलगी यांचा आवाज मिक्सरमधून थेट वायरने घ्या, डीजे सुरू झाला की ओबीएसमध्ये तेवढा आवाज बंद करा.

ओबीएसचा ‘रिप्ले बफर’ चालू ठेवा. शेवटची वीस-तीस सेकंदं तो सतत लक्षात ठेवतो, एक कळ दाबली की ती फाइल तयार. निकाल लागताच ती संथ गतीने दाखवता येते. पंच ती पाहणार की नाही हा त्यांचा आणि कमिटीचा प्रश्न, तुम्ही स्वतःहून निवाडा करायला जाऊ नका. लाइव्हबरोबरच लॅपटॉपवर वेगळं रेकॉर्डिंगही ठेवा, शक्य असेल तर १५ ते २० एमबीपीएसने. हॉट्‌स्पॉटवरून चार एमबीपीएसने गेलेलं चित्र दुसऱ्या दिवशी कुणी थांबवून पाहिलं तर खांदा आणि माती एकच दिसतात, या फाइलमध्ये तसं होत नाही. रात्री घरच्या फायबरवरून मोठ्या कुस्त्या सुट्या करून चढवा.

यूट्यूब १२ तासांपेक्षा लहान लाइव्ह आपोआप साठवून ठेवतं, त्याहून लांब गेलं तर भरवसा नाही. दिवसरात्रीच्या क्रिकेट स्पर्धेत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पहिलं लाइव्ह बंद करून दुसरं सुरू करा, आणि नवी लिंक गावाच्या ग्रुपवर टाकायचं काम आधीच एकाकडे सोपवून ठेवा.